पडद्यामागचे चोवीस गरुड

आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर तो मेसेज आला तेव्हा माझी ऑफिसची कॅब के. आर. पुरमच्या पुलापाशी अडकली होती. व्हाइटफील्डहून हेब्बाळला परतताना इथे अर्धा तास जातोच, त्यामुळे मेसेज तीनदा वाचायला मला सवड मिळाली. शनिवारी संध्याकाळी सात वाजता लॉनवर जुना लढाईचा सिनेमा दाखवणार होते. काळापांढरा, साठ वर्षांपूर्वीचा, सापडलेल्या प्रिंटवरून नुकताच साफसूफ करून काढलेला. रहिवाशांनी आपापल्या फ्लॅटच्या नंबराच्या खुर्चीवर बसावं, आणि त्याखाली: 'ड्रायव्हर, सिक्युरिटी आणि घरकामाच्या स्टाफसाठी पडद्यामागे सोय केली आहे. पडदा दोन्ही बाजूंनी दिसतो, त्यामुळे कोणाचीच गैरसोय होणार नाही.'

त्याखाली अंगठेच अंगठे. टाळ्या वाजवणारे हात. एकीने लिहिलं होतं, किती विचार करता तुम्ही सगळ्यांचा.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काहीतरी मोठ्याने बोलले असणार, कारण ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं आणि रेडिओचा आवाज कमी केला.

पडद्यामागे बसणं म्हणजे काय ते मला कोणी सांगायला नको. माझं लहानपण तिथेच गेलं. माझे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, छावणीतल्या एका पलटणीचे शिंपी होते. फौजी नव्हेत, नुसते शिंपी. कित्येक पिढ्यांपूर्वी आमचे लोक या गावात आले ते सुई-दोरा घेऊनच, आणि घरात मराठी अजून टिकून आहे, जरी पुण्याहून आलेल्या ऑफिसातल्या मुली ती ऐकून गालातल्या गालात हसत असल्या तरी. छावणीच्या भिंतीला टेकून अण्णांचं एका मशीनचं दुकान होतं. जवानांच्या वर्द्या आखूड करायच्या, सैल करायच्या, फाटलं ते सांधायचं.

दर शनिवारी पलटणीच्या मैदानावर दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवत. पडद्यासमोर वेताच्या खुर्च्या, त्या साहेबांच्या आणि त्यांच्या कुटुंबांच्या. त्यांच्यामागे सतरंज्या, त्या जवानांच्या. आणि शिंपी, धोबी, न्हावी, स्वयंपाकी, झाडूवाले, त्यांच्या बायका आणि पोरं पडद्याच्या पलीकडच्या अंगाला, गवतावर. कोणी हाकलत नसे. कोणी तिकीट मागत नसे. सिनेमा तिकडूनही दिसायचा, फक्त उलटा दिसायचा.

उलटा म्हणजे आरशात दिसावा तसा. आमच्या बाजूचे सगळे शूर वीर डाव्या हाताने सलाम करायचे. बंदूक डाव्या खांद्याला लावायचे. पाट्यांवरची अक्षरं उलटी, पदकं छातीच्या उजव्या बाजूला, आणि शर्टांची बटणं बायकांच्या कपड्यांसारखी विरुद्ध अंगाला. दुसऱ्या कोणाच्या ते लक्षात येत नसे, पण अण्णांना बटणं खटकायची. ते मला मांडीवर घेऊन सांगायचे, डोळ्यांनी बघू नकोस, डोक्यात उलटव आणि मग बघ. आमचा तो खेळच होता. ते विचारायचे, "कुठल्या हातानं सलाम केला गं, पुट्टी?" मला दिसलेला असायचा डावा. मी म्हणायची, "उजव्या." मग ते माझ्या हातावर शेंगदाणा ठेवायचे. पाचव्या-सहाव्या वर्षी मी इतकी तयार झाले होते की मला उलटवावंही लागत नसे. जे समोर दिसतं ते खरं नाही, खरं त्याच्या विरुद्ध आहे, हे माझ्या हाडीमाशी मुरलं. आज मी सॉफ्टवेअरमधले दोष शोधायचं काम करते. त्या कामाची शाळा ती.

बहुतेक सिनेमे लढाईचे असत. काही परदेशी, काही आपले, सगळे काळेपांढरे, आणि तेव्हाच जुने झालेले. अशा सिनेमांविषयी आमच्या अपार्टमेंटमध्ये काय काय बोललं जातं ते मी लिफ्टमध्ये ऐकते. काय ती माणसं होती, काय तो त्याग, हल्लीच्या सिनेमांत नुसता आवाज. आयुष्यभर एसीत बसून कंपन्या सांभाळलेले गृहस्थ ते बघून डोळे पुसतात. मला त्या डोळे पुसण्याची चीड येते. ज्यांच्यावर कधी कोणी साधा हातही उगारला नाही त्यांना दुसऱ्याच्या मरणाने भरून येतं, आणि घरी जाताना जिन्यात झाडू मारणारी बाई दिसली तर ते अंग चोरून पलीकडून जातात. काळ्यापांढऱ्यात रक्त काळं दिसतं म्हणून बघवतं, एवढंच यांचं प्रेम.

अण्णा मात्र वेगळ्या कारणासाठी बघायचे. ते म्हणायचे, रंग असला की माणूस रंगच बघत बसतो, रंग नसला की कापड दिसतं. कापड कुठे ताणलंय, काखेत कुठे घाम धरलाय, कोणाची वर्दी दुसऱ्याच्या मापाची आहे, हे सगळं काळ्यापांढऱ्यात लख्ख दिसतं. हिरोकडे ते बघतच नसत. हिरोची वर्दी बेतलेली असते, त्यात बघायचं काय, असं त्यांचं म्हणणं. ते मागच्या रांगेकडे बघायचे, जिथे नाव नसलेली माणसं पळता पळता पडतात. एकदा मी विचारलं, की पडणाऱ्यांकडे काय बघता. ते म्हणाले, माप बघतो.

त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. माझ्या जन्माआधी एकदा पलटण सरहद्दीवर गेली, तेव्हा दोन जवान आपले शर्ट दुरुस्तीला टाकून गेले होते. परत आलो की नेतो म्हणाले होते. ते शर्ट आमच्या दुकानातल्या खिळ्याला मी शाळेत जायला लागले तरी तसेच टांगलेले होते, इस्त्री केलेले. वर्षातून दोनदा अण्णा ते धुऊन पुन्हा टांगायचे. त्या दोघांचे चेहरे त्यांना आठवत नव्हते, माप मात्र पाठ होतं. छाती छत्तीस, बाही साडेबावीस. पडद्यावर मागच्या रांगेतला कोणी पडला की अण्णा ते माप शोधत असत. मला जर कोणी विचारलं, की हे जुने सिनेमे अजून का बघतात लोक, तर मी म्हणेन, की बाकीच्यांचं मला ठाऊक नाही, आमच्या घरात ते यासाठी बघत.

आता त्या शनिवारच्या सिनेमाकडे येते. माझ्या संतापाला दुसरंही कारण होतं. तो सिनेमा अण्णांचा होता.

अण्णा पंचविशीत होते तेव्हा एक सिनेमा कंपनी गावाबाहेरच्या माळावर लढाईचा सिनेमा काढायला आली. वाळवंटातली लढाई, आपले जवान एका बाजूला, जर्मन दुसऱ्या बाजूला. जर्मनांचे चोवीस कोट हवे होते आणि तेही चार दिवसांत. कंपनीच्या माणसाने पलटणीतल्या एका साहेबांना विचारलं आणि साहेबांनी अण्णांना पुढे केलं. कोटांचा नमुना कोणाजवळ नव्हता. जर्मन सैनिकाच्या छातीवर पंख पसरलेला एक गरुड शिवलेला असतो, तो नेमका कुठे, हे कोणाला सांगता येईना. म्हणून साहेबांनी एक परदेशी सिनेमा मुद्दाम पुन्हा लावायला सांगितला आणि हुकूम सोडला, की शिंप्याला आज पुढे खुर्चीवर बसवा, नीट बघू दे त्याला.

अण्णा तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पडद्यासमोर बसले. वेताच्या खुर्चीत, साहेबांच्या शेजारी, मांडीवर वही. ते सांगतात, की खुर्चीच्या कडेवर बसलो होतो, पाठ टेकायची हिंमत झाली नाही, आणि घामाने पेन्सिल निसटत होती. गरुड दिसला. छातीच्या उजव्या बाजूला होता. अण्णांनी लहानपणापासून केलं तेच केलं. डोक्यात उलटवला आणि वहीत लिहिलं, डावी छाती.

चोवीस कोट, चोवीस गरुड, सगळे डाव्या छातीवर. एकेक गरुड हाताने भरलेला. घरातल्या बायकांनीसुद्धा चार दिवस सुई खाली ठेवली नाही. कंपनीतल्या कोणाला फरक कळला नाही. चित्रीकरण झालं, कंपनी गेली. वर्षभराने सिनेमा पलटणीच्या मैदानावर लागला तेव्हा एका साहेबांनी ती चूक पकडली आणि खुर्च्यांमध्ये मोठा हशा झाला. अण्णा पडद्यामागे होते. हसण्याचं कारण समजलं तसे ते उठून घरी आले. सिनेमा त्यांनी जेमतेम पाव तास पाहिला होता; जर्मन पडद्यावर येताक्षणीच हशा झाला, आणि मान खाली घालून उठल्यामुळे आपले कोट त्यांनी पाहिलेच नव्हते.

त्यानंतर छावणीत त्यांचं नाव पडलं, उलटा मास्टर. नव्या वर्द्यांचं काम दुसऱ्याकडे गेलं, अण्णांकडे फक्त दुरुस्ती उरली. नाव इतकं चिकटलं की मी शाळेत होते तेव्हाही शर्ट घेऊन येणारा एखादा सुभेदार दारातून हाक मारायचा, काय उलटा मास्टर, बाह्या खांद्यालाच लावल्यात ना. अण्णा हसायचे. मी कधी त्या हसण्यावर विश्वास ठेवला नाही. घरात त्या चुकीविषयी ते एकच वाक्य बोलत. "मला पुढं बसवलं म्हणून चुकलं. मागं बसलो असतो तर चुकलो नसतो."

तर तो सिनेमा. मी घरी आले, चपला काढल्या आणि अण्णांना सांगितलं. ते खिडकीपाशी तळ्याकडे तोंड करून बसले होते. आता वय शहाऐंशी, एक डोळा गेलाय, आणि दुसऱ्याविषयी डॉक्टर म्हणतात की आहे तोवर बघून घ्या. घरात आम्ही दोघंच. दिवसभर त्यांच्यासोबत बेळगावकडची एक बाई असते. ती मराठी-कन्नड दोन्ही सारखंच बोलते, त्यांना अज्जा म्हणते, औषध देते, दुपारी टीव्हीवर त्यांच्यासोबत जुने सिनेमे बघते.

अण्णांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग म्हणाले, "माझे कोट दिसतील काय गं त्यात?"

मी म्हटलं, दिसणारच.

"बघायचं मला. एकदा बघायचं, काय झालतं ते."

यापुढे मला दुसरं काही ऐकायचं नव्हतं. त्यांना तो सिनेमा दिसला पाहिजे, डोळा आहे तोवर, आणि नीट दिसला पाहिजे. मी जाहीर केलं, की आपण पहिल्या रांगेत बसायचं.

"नको. मी मागंच बरा," अण्णा म्हणाले.

"तुम्ही या घराचे मालक आहात अण्णा. तुम्ही कशाला मागे बसाल?"

"मालक तू. मी शिंपी." ते म्हणाले, आणि कामवाल्या बाईकडे वळून विचारलं, "तू कुठं बसणार?"

ती म्हणाली, "आमाला पडद्याच्या मागं सांगितलंय की अज्जा."

"मग मी पण तिथंच."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, साठ वर्षांपूर्वी तुम्हाला मागे बसवलं ते पुरे झालं, मी इतकं शिकले, इतक्या खस्ता खाल्ल्या, त्या काय पुन्हा गवतावर बसायला. ती बाई फरशीवर बसून शेंगा सोलत होती. ती मान खाली घालून शेंगा सोलत राहिली. तीन वर्षं ती आमच्या घरात सिनेमे बघतेय, अण्णा खुर्चीवर आणि ती फरशीवर, आणि तिला सोफ्यावर बस म्हणावं असं मला एकदाही सुचलेलं नाही. हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, आणि त्याचासुद्धा राग मी अण्णांवरच काढला. शेवटी ते म्हणाले, "सरी, तू म्हणशील तसं." हे 'सरी', म्हणजे कन्नडमधलं 'बरोबर', शिंप्याने गिऱ्हाइकापुढे हार मानावी तसं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी असोसिएशनच्या सेक्रेटरीला गाठलं. साठीचा माणूस, मोठ्या कंपनीतून निवृत्त, गळ्यात कायम चष्म्याची दोरी. लढाईच्या सिनेमांचा शौक इतका की कुठल्या सिनेमात कुठला रणगाडा चुकीचा आहे ते पाठ. मी म्हटलं, स्टाफला मागे का? लॉनवर जागा आहे. तो इंग्रजीत समजावू लागला, की मॅडम, इतर ठिकाणी तर बोलावतही नाहीत, आणि त्यांनाच बरं वाटतं त्यांच्या त्यांच्यात. मी म्हटलं, त्यांना विचारलंत? तो म्हणाला, विचारायचं काय त्यात, चित्र तर तेच आहे. मी म्हटलं, तेच नाही, उलटं आहे. त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. म्हणाला, त्यांना काय फरक पडतो?

मी तोंडात आलेलं गिळलं, कारण मला अण्णांसाठी पहिल्या रांगेतली खुर्ची हवी होती. आमच्या फ्लॅटची सहाव्या रांगेत होती. त्याने मोठ्या मनाने खुर्ची बदलून दिली आणि मी आभार मानले. त्या आभाराची आजही मला लाज वाटते.

शनिवारी अण्णांनी पांढरा शर्ट घातला, स्वतः शिवलेला, आणि वर कोट. खिशात टेप घेतली. कशाला विचारलं तर म्हणाले, "असू दे." पहिल्या रांगेत मधोमध त्यांना बसवलं. खुर्ची पाठीला उशी लावलेली, मऊ. अण्णा कडेवरच बसले. पडद्याच्या पलीकडे माणसं बसत असल्याचा आवाज येत होता, पण दिसत कोणी नव्हतं.

सिनेमा सुरू झाला आणि मी मान्य करते, की पहिल्या पाच मिनिटांत मी राग विसरले. हा त्या सिनेमांचा दोष म्हणा की गुण म्हणा. नुसती माती, ऊन आणि चेहरे. तहानलेल्या माणसाचा ओठ एवढा जवळून दाखवलेला, की आपली जीभ आपल्या ओठावरून फिरावी. खंदकात एक म्हातारा हवालदार दुसऱ्याची बाही शिवून देत होता, तेव्हा अण्णा पुढे झुकले आणि पुटपुटले, "सुई चुकीची धरलीय." मला हसू आलं. वाटलं, आणलं ते बरं केलं.

मग जर्मन आले. टेकडीच्या कडेवर एका ओळीत उभे. आणि सेक्रेटरीने चित्र थांबवलं.

हातात माईक घेऊन तो पडद्यासमोर आला. म्हणाला, आता एक गंमत. या दृश्यात मोठी घोडचूक आहे, ओळखा आणि बक्षीस मिळवा. कोणी म्हणालं बंदुका, कोणी म्हणालं बूट. तो मजेत मान हलवत राहिला. मग त्याने लेझरचा लाल ठिपका एकेका छातीवर नाचवला आणि सांगितलं, की जर्मन गरुड उजव्या छातीवर असतो, आणि इथे बघा, सगळेच्या सगळे डावीकडे. "कुठल्यातरी गल्लीतल्या टेलरने डोळे मिटून शिवलेत. हा आपल्याकडचा रिसर्च."

सगळं लॉन हसलं. मनापासून हसलं, वाईट हेतूने नव्हे, आणि म्हणूनच मला ते सहन झालं नाही. अण्णांच्या शर्टाच्या कॉलरवर तो लाल ठिपका परावर्तित झाल्यासारखा मला वाटला. ते पडद्याकडे बघत होते. साठ वर्षांपूर्वीचं हसणं पुन्हा त्यांच्या पाठीवर येऊन आदळलं होतं, आणि या खेपेला त्यांना खुर्चीत आणून बसवणारी मी होते.

मी उभी राहिले. म्हटलं, "तो टेलर इथे बसलाय. माझे वडील आहेत ते."

मला वाटलं होतं, शांतता पसरेल, माना खाली जातील. तसं काही झालं नाही. टाळ्या पडल्या. सेक्रेटरीचा चेहरा उजळला. त्याला घबाड मिळालं होतं. व्हॉट अ स्टोरी, म्हणत तो पळत आला, अण्णांच्या तोंडापुढे माईक धरला आणि हिंदीत विचारलं, की अंकल, सांगा ना सगळ्यांना, ही गडबड झाली कशी? चार-पाच मोबाइल वर झाले. कोणीतरी म्हणालं, शाल आणा, क्लबहाउसमध्ये शाल आहे.

अण्णांनी माईककडे पाहिलं. मग माझ्याकडे. काठी टेकून उठले आणि म्हणाले, "मी मागं जातो." माईक तोंडाशीच होता म्हणून ते सगळ्यांना ऐकू गेलं. मी हात धरायला गेले तर म्हणाले, "स्वल्प थांब. मला वाट ठाऊक आहे." आणि रांगेच्या कडेने, पडद्याच्या बांबूला वळसा घालून ते पलीकडे गेले.

माईक मी ओढून घेतला. काय बोलले ते नीट आठवत नाही, पण एवढं नक्की बोलले, की ही गडबड कशी झाली ते मी सांगते. ज्या माणसाला तुम्ही जन्मभर पडद्यामागे बसवता आणि तुमच्या कामापुरतं एक दिवस पुढे आणता, त्याच्याकडून अशीच गडबड होते. डोळे मिटून नाही शिवले त्यांनी. तुमच्यापेक्षा जास्त डोळे उघडे ठेवून शिवले. आणि आजही तुम्ही तेच करताय, त्या पडद्यामागे माझ्या घरात राबणारी बाई बसलीय, आणि तुम्ही म्हणता, त्यांना काय फरक पडतो. माझा आवाज फाटला होता. कोणीतरी खोकलं. सेक्रेटरी हळूच म्हणाला, मॅडम, प्लीज, संध्याकाळ खराब नको करू या. मी माईक खुर्चीवर टाकला आणि अण्णांच्या मागोमाग गेले.

पडद्यामागे गवतावर प्लास्टिकच्या चटया होत्या. ड्रायव्हर, सिक्युरिटीचे दोघे, पाच-सहा बायका. आमच्या बाईने स्वतःची चटई अण्णांना दिली होती आणि त्यांच्या पाठीमागे आपला गुडघा टेकवला होता, त्यांना टेकायला. आमचं बोलणं यांनी सगळं ऐकलं असणार. एकाने मला बसायला जागा करून दिली. मी बसले. राग कोणावर आहे तेही मला धड सांगता आलं नसतं. हसणाऱ्यांवर होता, शाल शोधणाऱ्यांवर होता, आणि सगळ्यांत जास्त माझ्यावर, कारण अण्णांचं ऐकलं असतं तर हे झालं नसतं.

"अण्णा, चुकलं माझं," मी म्हटलं.

त्यांचं लक्षच नव्हतं. समोर तेच चित्र होतं, थांबवलेलं. टेकडीवरची जर्मनांची ओळ. अण्णा एक डोळा बारीक करून बोटाने मोजत होते. एक, दोन, तीन. अकरा कोट दिसत होते. पाठ बाईच्या गुडघ्याला टेकवून, पाय पसरून, सैल बसले होते.

"बघ," ते म्हणाले.

मी सवयीने डोक्यात उलटवायला लागले. त्यांनी माझ्या हातावर टिचकी मारली. "उलटवू नकोस. नुसतं बघ."

मी नुसतं बघितलं. गरुड उजव्या छातीवर होते. अकराच्या अकरा, सरळ रेषेत, जिथे असायला हवेत तिथे.

"इथनं सरी आहे," अण्णा म्हणाले. "इथं बसणाऱ्यानंच शिवलेत की ते."